साडूंनी नाव दिलेल्या फायली

यंत्रानं लिहिलेल्या फायलींवर पोटच्या पोरांसारखी माया करणारा माणूस जगात एकच, आमचे साडू. धाराशिवच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. मी साडू म्हणायचो म्हणून शिपायापासून साहेबापर्यंत सगळेच त्यांना साडू म्हणू लागले. तिथं बटण दाबलं की एक प्रोग्राम कोडच्या ढीगभर फायली आपोआप लिहून काढतो, सगळ्या एकसारख्या. आम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसू. साडू मात्र एकेक उघडून माथ्यावर ओळी लिहायचे: ही कशासाठी, कशापासून झाली, हिच्यात हातानं बदल करू नका. शेवटी ठरलेलं, ‘काही अडलं तर साडूंना विचारा.’ घरी डाळीच्या डब्यांवरही त्यांची अशीच चिठ्ठी असते.

पुन्हा बटण दाबलं की प्रोग्राम फायली नव्यानं लिहायचा आणि साडूंच्या ओळी साफ पुसल्या जायच्या. साडू चहाचा कप बाजूला सारून पहिल्या फायलीपासून पुन्हा सुरू! “अहो, प्रोग्रामच्या साच्यातच एकदा घाला, तोच लिहील,” मी घसा कोरडा करून सांगायचो.

“न्हाय पाव्हणं, नाव हातानंच द्यावं लागतं.”

साडू सास्तूरचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवं गाव वसलं तेव्हा घरं एकाच नकाशाची, माणसं चुकून दुसऱ्याच्या घरात शिरायची. साडूंचे वडील गेरू घेऊन दारोदार नावं लिहीत फिरले. पाऊस पुसायचा, ते पुन्हा लिहायचे. हे कळल्यावर मी पुन्हा साच्याचा विषय काढला नाही.

यंदा डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी स्क्रीनसमोर बसणं बंद केलं, साडू गावी निघाले. शेवटच्या दिवशी खुर्चीवरून उठेचनात.

“म्या गेल्यावर ह्या बिननावाच्याच ऱ्हातील व्हय?”

मी साच्याची फाईल उघडली. “तुम्ही सांगा, मी साच्यात घालतो.”

त्यांनी एकेक करत ओळी सांगितल्या. मग म्हणाले, “शेवटली काढा. आता म्या कुठं हाय इथं?”

मी ती काढली नाही. आता प्रत्येक फाईल साडूंच्या ओळी घेऊनच येते. मला अडत काहीच नाही, तरी दुपारच्या चहाला मी सास्तूरला फोन लावतो.

“बोला पाव्हणं, कोणत्या फायलीत अडलं?” ते लगबगीनं विचारतात.

समोर जी उघडी असेल तिचं नाव मी सांगतो.