चित्र अक्कांचं, आवाज माझा

कुणी व्हिडिओ कॅसेट आणून दिली की वत्सलाक्का आधी तिचा वास घ्यायच्या. पेढ्यांचा पुडा असावा तशी ती नाकाशी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. "ही कपाटात होती. सरी आहे." नाहीतर, "अय्यो, ही माळ्यावरची! बुरशी डोळ्याला नंतर दिसते, नाकाला आधी." आणणारा माणूस ओशाळायचा, कारण कॅसेट खरंच माळ्यावरची असायची.

आम्ही राजाजीनगरात त्यांच्या घरी भाड्यानं राहायचो, गच्चीवरच्या दोन खोल्यांत. आमचे हे यशवंतपूरला एका कारखान्यात, मुलगी पल्लवी शाळेत, आणि मी घरात. निपाणीजवळच्या खेड्यातून बेंगळुरूला येऊन मला बारा वर्षं झाली होती, तरी भाजीवाल्याशी मी बोटांनीच बोलायचे. शिक्षण चौथी, त्यात स्वभाव लाजरा. माणूस समोर आलं की माझी नजर त्याच्या चपलांवर जाते. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं मी अजून चपलांवरूनच ओळखते. चपला नव्या घेतल्या की माझी पंचाईत होते.

अक्कांचं घराणं तीन पिढ्या इथलं. बोलणं मराठी, पण त्यात कन्नड शब्द फोडणीतल्या कढीपत्त्यासारखे. 'सरी' म्हणजे ठीक, 'स्वल्प' म्हणजे थोडं. त्यांचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. ते गेले तेव्हा मागे कपाटभर कॅसेटी राहिल्या, मुलाच्या मुंजीच्या, सहलींच्या, वाढदिवसांच्या. साठी उलटल्यावर अक्का कॉम्प्युटर शिकल्या आणि त्या एकेक करून डीव्हीडीवर उतरवल्या. हे कळल्यावर ओळखीची मराठी मंडळी आपापल्या पिशव्या घेऊन येऊ लागली.

अडचण एकच होती, अक्कांना ऐकू फार कमी यायचं. एक दिवस गच्चीवर येऊन मला म्हणाल्या, "सुमन, दुपारी खाली ये. कान घेऊन ये. चित्र मी बघीन, आवाज तू बघ." सगळ्या राजाजीनगरात आवाज नसलेली बाई एकच होती, आणि तिलाच त्यांनी आवाजाच्या खात्यावर नेमलं.

कॅसेट जेवढ्या तासांची, तेवढेच तास ती कॉम्प्युटरात उतरायला लागतात, हे मला तिथं कळलं. लोक विचारायचे, लवकर नाही का होणार? अक्का म्हणायच्या, "लग्न तीन तास चाललं तर मीही तीन तास बसणार. घाई असेल त्यानं फोटो काढावा." कॉम्प्युटरवर सगळं इंग्रजी, आणि मला इंग्रजी अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून अक्कांनी मला ओळ शिकवली. आवाजाची यादी उघडायची, वरून दुसरी ओळ दाबायची, म्हणजे कॅसेटचा आवाज आत जातो. डीव्हीडी तयार झाली की ती टीव्हीवर लावून ऐकायची आणि "सरी" म्हणायचं. मग अक्का तिच्यावर पेनानं लिहायच्या, कुणाचं काय, चित्र कसं, आवाज कसा. नोकरी अशी की दोन अक्षरांचा एकच शब्द बोलायचा. मला शोभेशी.

तरी मी तोही चुकीचा बोलले. एका मुंजीची डीव्हीडी ऐकायला लावली तर आवाजच नाही. भटजींचं तोंड हलतंय, बटू रडतोय, सगळं मुकं. वायर सैल राहिली होती. अक्का शेजारी बसून माझ्याकडे बघत होत्या. चुकलं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून "सरी" बाहेर पडलं. अक्कांनी 'आवाज उत्तम' असं लिहूनही टाकलं. चार दिवसांनी बटूचे आजोबा ती घेऊन परत आले. मी त्यांच्या चपला बघत उभी राहिले. कोल्हापुरी होत्या.

ते गेल्यावर अक्का रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही, म्हणून मी तुझ्या तोंडाकडे बघते. तेच खोटं बोललं तर मी कुठं बघू?" आणि मग त्यांचं नेहमीचं, "हं, परत लाव." कुठलीही चूक निघाली की अक्कांकडे औषध एकच होतं, परत लाव.

माझ्या ट्रंकेत माझ्याही लग्नाची कॅसेट होती. आमच्याकडे ती लावायचं यंत्र कधीच नव्हतं. लग्नानंतर एकदा शेजाऱ्यांकडे, पाहुण्यांच्या गलक्यात मागे उभी राहून मी ती ओझरती पाहिली होती, तेवढीच. माझी आई त्यानंतर दोन वर्षांत गेली. तिचा फोटोही धड नव्हता. आईचा आवाज मला आठवेनासा झाला होता. पुन्हा ऐकायला मिळेल तर त्या कॅसेटमध्येच.

आणि तीच मी वर्षभर अक्कांना दिली नाही. कारण सांगायची लाज वाटते. अक्का म्हणायच्या, कॅसेट उतरवू. आता डोक्यावरचं ओझं उतरवलं की डोकं मोकळं होतं. दृष्ट उतरवली की पोरावरची दृष्ट जाते. मला वाटायचं, कॅसेट उतरवली की ती रिकामी होत असणार. डीव्हीडी फुटली तर आई दोन्हीकडून गेली. रोज लोकांना त्यांच्या कॅसेटी परत जाताना मी बघत होते, पण त्या कोऱ्या असतील असं धरून चालले होते.

शेवटी एकदा बोलले. अक्का इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "अगं, शाळेत गुरुजी फळ्यावर लिहायचे ते तू पाटीवर उतरवून घ्यायचीस ना? तेव्हा फळा कोरा व्हायचा?"

"नाही," मी म्हणाले. "पण नंतर गुरुजी पुसायचे."

"मी पुसणार नाही," अक्का म्हणाल्या. "आण."

त्यांनी वास घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत, तेव्हाच मी घाबरले. कॅसेट उघडून फितीवरची पांढरी बुरशी कापसानं आणि स्पिरिटनं पुसायला त्यांना दोन दुपारी लागल्या. "स्वल्प थांब," एवढंच म्हणायच्या.

तिसऱ्या दुपारी कॅसेट लावली. मी यादी उघडली, वरून दुसरी ओळ दाबली, आणि टीव्हीवर माझं लग्न सुरू झालं. पहिल्या मिनिटालाच सनई लागली, ती थांबेचना. कॅसेटवाल्यानं शोभा यावी म्हणून सबंध लग्नावर सनई चढवली होती. मंगलाष्टकांवर सनई, पंगतीवर सनई, माणसांच्या बोलण्याचा टिपूस नाही. आई आली. माझ्या शेजारी उभी राहून बोलत होती, आणि तिच्या तोंडातून सनई वाजत होती.

मला रडू फुटलं. अक्कांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं कळल्यासारखं म्हणाल्या, "ती सनई बंद कर. मला ती ऐकू येत नाही आणि तुला नको आहे." मी टीव्हीचा आवाज घालवला. अक्का खुर्ची पुढं ओढून पडद्याला नाक लावून बसल्या. "माझे कान गेले तशी मी ओठ वाचायला शिकले. बघू तुझी आई काय म्हणतेय."

आणि त्या बोलू लागल्या. आई कुणाकडे तरी वळली. अक्का म्हणाल्या, "'अक्षता इकडं द्या.' मग काहीतरी, पाठ फिरली. हं. 'व्याह्यांना आधी चहा.' अगं, तुझी आई हुकूम सोडणारी दिसते!" मी नाक ओढत म्हणाले, होती. आत अक्कांचा कुकर शिट्ट्या देत होता. दोन तासांच्या त्या कॅसेटमध्ये माझं तोंड कुठंही दिसत नाही. मान खाली. भांग मात्र फार सुरेख आलाय. बहुतेक पाहुण्यांच्या चपलाही मला पाठ झाल्या असणार.

मग आईनं माझ्या मुंडावळ्या सारख्या केल्या, वाकून माझ्या कानाशी काहीतरी बोलली. अक्कांनी चष्मा सावरला. मग हळू म्हणाल्या, "'मान वर कर, सुमे. तू काय चोरलंयस?'"

सुमे. बेंगळुरूत मी सुमन. अक्कांना ते नाव मी कधी सांगितलं नव्हतं. ते एकच माणूस म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी डीव्हीडी ऐकायला लावली. पडद्यावर माझं लग्न, आणि आवाज? सुरुवातीला खोलीतली लांबची सनई, मग माझं रडणं, मग अक्का. "सनई बंद कर" इथपासून सगळं, कुकरच्या शिट्ट्यांसकट. कन्यादानाला तीन शिट्ट्या. मी ताडकन उठले. झालं असं होतं की अक्कांच्या मुलानं बोलताना आई दिसावी म्हणून त्यांना कॉम्प्युटरवर लावायचा कॅमेरा दिला होता. तो राहायचा याच शहरात, बेळ्ळंदूरला, पण ट्रॅफिकमुळं बेळ्ळंदूर परदेशात होतं. त्या दिवशी कॅमेरा लावलेला राहिला, त्याच्या माइकची ओळ यादीत दुसऱ्या जागी घुसली, आणि मी नेहमीसारखी वरून दुसरी दाबली. शिकलेल्या बाईनं ओळ वाचली असती. मी मोजली.

अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "सरी?"

"चुकलाय, अक्का," मी म्हणाले. "सनई नाही आली. तुम्ही आलाय. मी ओळ चुकले."

अक्कांनी कपाळावर हात मारला. "अय्यो, माझी बडबड? सबंध? परत लाव."

"नको."

"अगं, कॅसेट अजून चालते. दोन तासांचं काम."

"नको, अक्का. परत लावायची नाही." हे मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. आयुष्यात कुणाला इतकं सरळ 'नको' म्हटल्याचं मला आठवत नाही.

अक्का बराच वेळ माझे ओठ बघत राहिल्या, बरोबर वाचलंय ना अशा. मग पेन उचललं आणि डीव्हीडीवर लिहिलं: सुमनचं लग्न. चित्र सरी. आवाज चुकला.

यंदा अक्का गेल्या. शेवटी त्या मुलाकडे होत्या. मी दोन बस बदलून बेळ्ळंदूरला गेले, पण इतक्या मोठ्या घरात, इतक्या माणसांत मला एक शब्द बोलता आला नाही. नेहमीप्रमाणे दाराशी काढलेल्या चपला बघून परत आले.

घरी येऊन जुन्या प्लेअरवर डीव्हीडी लावली. पल्लवी आता नोकरी करते. ती म्हणाली, "आई, हे मोबाइलवर घेऊन देते. पण हा आवाज काय आहे? शिट्ट्या, बडबड. काढून वर एखादं छान गाणं टाकू?"

"हात लावू नकोस," मी म्हणाले.

पडद्यावर आई वाकली, तिचे ओठ हलले, आणि अक्का बोलल्या. मान वर कर, सुमे.

केली.