चिमटीने आवळलेली गाडी

घड्याळजींना मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते आपल्या दुकानात जमिनीवर ओणवे होते. माझं मनगटी घड्याळ मागे पडायला लागलं होतं, म्हणून गेले होते. दारात पाऊल टाकणार, तोच खालून आवाज आला, "बाई, उचललेला पाय खाली ठेवू नका."

मी चौकट धरून एका पायावर उभी. इतकी वर्षं शिकवलं, पण मुलांनाही अशी शिक्षा कधी दिली नव्हती. शेवटी तिळापेक्षा लहान असा एक स्क्रू त्यांना पायपुसण्याच्या कडेला सापडला. त्यांनी तो चिमट्याने उचलून पांढऱ्या फडक्यावर ठेवला, वर काचेची वाटी पालथी घातली आणि म्हणाले, "हं, आता या."

पुढे मी त्यांच्या शेजारी राहायला गेले, तेव्हा कळलं की घरीही हा माणूस असाच. बरणीचं झाकणसुद्धा दोन बोटांनी लावणार. जोराचं काम त्यांच्या बायकोचं. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते. बेकरीत पीठ मळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला पुन्हा त्यांनाच हाक मारावी लागे.

त्यांच्या अंगणातल्या शेडमध्ये काकूंच्या वडिलांची जुनी गाडी होती. करड्या रंगाची, गोल दिव्यांची. वडील गेले तेव्हा काकूंची मुलगी रांगत होती. तेव्हापासून गाडी हलली नव्हती. टायर बसलेले, मागच्या सीटवर रिकामी पोती आणि सीटच्या आत उंदरांचा संसार. सासरेबुवांनी जावयाला बॉनेट कधी उघडू दिलं नाही. "तुम्ही आपली घड्याळं करा," एवढंच म्हणायचे.

घड्याळजींनी दुकान बंद केलं त्याच वर्षी मुलीने कळवलं, की ती शिवणकाम घेऊन कायमची घरी येतेय. शेडची खोली करायचं ठरलं. काकूंनी भंगारवाल्याला निरोप धाडायची तयारी केली.

"थांब जरा," घड्याळजी म्हणाले. "तुझ्या वडिलांची गाडी आहे. स्वतःच्या चाकांवर बाहेर काढतो."

"तुम्ही? नळाचा वायसर बदलायला आठवडा घेतलात."

"मग? गळतो का तो?"

"गवंडी येईपर्यंत," काकू म्हणाल्या. "मग मात्र भंगार."

गॅरेजवाला येऊन बघून गेला. इंजिन जाम आहे, घण घातला तरी फिरणार नाही, असं त्याचं मत पडलं.

"घण कोण घालतंय?" घड्याळजी म्हणाले.

ते रोज सकाळी प्लगच्या भोकांतून इंजिनात थोडं तेल सोडायचे. मग गाडीच्या नाकात हँडल घालून, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं हलकेच दाबून बघायचे. बाकीचे भाग सुटे करून, पुसून, पांढऱ्या चादरींवर मांडायचे. लहान भागांवर वाट्या पालथ्या. एकदा काकू माझ्या दारात आल्या. "बाई, चारदोन वाट्या असतील तर द्या. आमच्या सगळ्या गाडीने नेल्या."

मग एका सकाळी घड्याळजी आले, पाणी मागून प्याले आणि म्हणाले, "हललं."

गवंडी यायच्या आदल्या दिवशी गाडी सुरू झाली. आवाज ऐकून गल्ली जमली. पुढची चाकं शेडबाहेर आली, आणि सगळी गाडी थरथरायला लागली. पाण्याची नळी निसटली, खाली तेलाचं थारोळं झालं आणि इंजिन बंद पडलं. घड्याळजी मांडीवर हात ठेवून आत बसून राहिले.

काकूंनी बॉनेट उघडलं. एका नटाला हात लावला, तर तो बोटांनीच फिरला.

"अहो, हे आवळलं कोणी?"

"मीच."

"कशाने?"

घड्याळजींनी खिडकीतून चिमूट करून दाखवली. "जास्त जोर लावला की आटे जातात."

"घड्याळाचे जात असतील. सगळे नट असेच लावलेत?"

"सगळे."

"आणि चाकांचे?"

घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाकडे पाहिलं.

काकूंनी पाना घेतला. दुपारपर्यंत त्या एकेक नट आवळत होत्या आणि घड्याळजी बाजूला उभे राहून "बास गं, बास" करत होते.

"बास कधी ते माझ्या हाताला कळतं," काकू म्हणाल्या. फक्त एकदा ते म्हणाले, "इथे हळू, पितळ आहे," आणि काकूंनी खरंच हात आवरला.

मग हँडल काकूंनीच मारलं. गाडी शेडमधून निघाली आणि फाटकाशी जाऊन थांबली. काकू पुढचं दार उघडून बसल्या. लहानपणी त्यांची जागा मागे असायची. "इथून रस्ता मोठा दिसतो," त्या म्हणाल्या. बेकरीपर्यंत जाऊन दोघं परत आली, तेव्हा काकूंच्या मांडीवर गरम पाव होता.

शेडमध्ये आता मुलीचं शिवणयंत्र चालतं आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली असते. दुपारी उन्हात बॉनेट उघडून घड्याळजी काहीतरी पुसत असतात. बाजाराला जाताना ते मला सोबत घेतात. मी मागे बसते. निघायच्या आधी काकू खाली वाकून चाकांचे नट बघून घेतात.