सर्व्हर म्हणजे विरजण नव्हे!

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

सकाळी भवानी पेठेतल्या एका टॉवेल कारखानदारांचा फोन आला. बाहेरगावचे खरेदीदार समोर बसलेले आणि आम्ही बसवून दिलेल्या सर्व्हरचा स्क्रीन काळा. कोपऱ्यात सूचना, विंडोज ॲक्टिव्हेट करा. मी पोचले तर ते कारखानदार अण्णा सगळ्यांदेखत ओरडले, "डुप्लिकेट माल गळ्यात मारला व्हय तुमी?"

अहो, लायसन्स अस्सल होतं! घोळ आमच्या सरांचा. मी एक कोरा साचा, म्हणजे टेम्प्लेट, करून ठेवलाय. त्यातली मशीनची ओळख पुसलेली आहे आणि तो ॲक्टिव्हेट केलेला नाही. नवा सर्व्हर हवा असला की त्याची कॉपी काढायची आणि मग त्या कॉपीला तिचं लायसन्स लावायचं. पण सरांना सगळं आयतं हवं. ते कुठल्यातरी चालू सर्व्हरची कॉपी मारतात, पुढच्या वेळी त्या कॉपीची कॉपी. सगळ्यांची ओळख एकच झाल्यावर विंडोज अडणारच की! विचारलं तर म्हणतात, "कालच्या दह्यानंच आजचं विरजण लावतो ना आपण?"

बोलणी मात्र मी खाल्ली. साच्यावरून सर्व्हर नव्यानं उभा केला, अण्णांची समजूत काढली. ऑफिसात परतले तर सर खुशीत. "झाला ना नीट? मग कुर्डुवाडीच्या गिऱ्हाइकाला याचीच कॉपी मारून दे."

खरं सांगा, तुमच्याही ऑफिसात असं दही लावणारं कुणी आहे का? आणि तुम्ही गप्प कसे बसता? मला आज जमलं नाही, म्हणून तर हे सगळं इथं लिहिलं.