टॅपेटवरचा धागा

माझ्या मोटारसायकलचा किलोमीटरचा काटा मी ती घेतली तेव्हापासूनच मेलेला होता. सरकारी लिलावातली साडेतीनशे सीसीची गाडी. वरचा काळा रंग खरवडला की खालून खात्याचा हिरवा दिसायचा. तिच्यासोबत एक मळकी पुस्तिका आली होती. अमुक किलोमीटर झाले की टॅपेट तपासावेत, असं तिच्यात बजावून सांगितलेलं होतं. पण किलोमीटर मोजणार कोण? म्हणून सक्करदऱ्याच्या मिस्त्रीनं माझ्यासाठी वेगळं पंचांग काढलं.

"पोळा झाला का एकदा," तो म्हणाला. "संक्रांत झाली का एकदा. आन उन्हाळ्यात खिडक्याइले खसच्या टट्ट्या लावाच्या आंधी एकदा. मधातच किक हलकी लागली, नाहीतर टकटक आवाज आपोआप बंद झाला, तं पंचांग नाई पाहाचं. सीधं माह्याकडं याचं."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं पाठ आहे. पाठ असणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हा कॉलेजात मुलांना शिकवत होतो.

मिस्त्री घरचा कोष्टी. बाप, आजा, सगळ्यांचा जन्म हातमागावर गेला. यानं माग सोडून पाने हातात घेतले, पण बोटं विणकराचीच राहिली. टॅपेटचं काम तो इंजिन ठार थंड असतानाच करायचा. आदल्या संध्याकाळी गाडी त्याच्या पत्र्याच्या टपरीत ठेवायची, "निजू द्या तिले", आणि मी सकाळी सायकलनं हजर व्हायचं. एका नटावर बसवलेलं छोटं झाकण तो काढायचा. आत दोन पातळ दांड्या दिसत. इंजिन फिरतं तशा या दांड्या वर उचलल्या जातात आणि डोक्यावरच्या दोन झडपा उघडतात; एकीतून पेट्रोलची वाफ आत येते, दुसरीतून जळका धूर बाहेर जातो. तो किक हळूहळू दाबत दोन्ही झडपा मिटलेल्या जागी इंजिन आणायचा आणि मग एकेक दांडी चिमटीत धरून फिरवायचा. दांडी गोल फिरली पाहिजे, पण खालीवर हलता कामा नये. धुराच्या बाजूची किंचित जास्त मोकळी. डोळे मिटून फिरवायचा. ताण्याचे धागे तपासताना बाप असेच डोळे मिटायचा, असं त्यानंच एकदा सांगितलं.

काम झालं की झाकण बसवून, तेल झिरपू नये म्हणून त्याच्या नटाखाली तो सुताचा एक धागा गुंडाळायचा आणि त्याला गाठ मारायचा. विणकराची गाठ म्हणजे दिसतही नाही. बोट फिरवलं तरी लागत नाही, कारण ती मागाच्या फणीतून न अडकता जावी लागते. तेलाचं निमित्त होतं. खरं तर ती त्याची सही होती. त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक गाडीवर तो धागा असे.

मी कॉलेजात भाषा शिकवायचो. आमच्याच संस्थेची शेजारी तंत्रशाळा होती आणि तिच्या वर्कशॉपला मिस्त्री हवा होता. पक्की नोकरी. याच्याजवळ कागद एकही नव्हता, आणि टपरीच्या जागेवरून रस्ता रुंद व्हायचा होता. खुणेचे चुन्याचे पट्टे त्याच्या दारापर्यंत आले होते. मी प्राचार्यांपाशी शब्द टाकला. तंत्रशाळाही त्यांच्याच हाताखाली होती. ते म्हणाले, "पाहू. तुम्ही म्हणता तर माणूस चांगलाच असेल. कार्यक्रम पार पडू द्या." त्यानंतर मी टपरीवर गेलो की मिस्त्रीची बायको चहा घेऊन बाहेर यायची आणि दर वेळी एकच विचारायची, "सर, याहिचं काम होईन न जी?"

"होईल," मी म्हणायचो. फार सहज म्हणायचो.

कार्यक्रम म्हणजे नव्या सभागृहाचं उद्घाटन. आमच्या प्राचार्यांना समारंभांचा मोठा सोस. साधं पंखा बसवणंही ते नारळाशिवाय होऊ देत नसत. या वेळी तर बाहेरून बडे पाहुणे येणार होते. त्यांच्या मोटारीपुढे एक मोटारसायकल चालावी आणि तिच्यावर भगवा फेटा बांधलेला प्राध्यापक असावा, अशी कल्पना निघाली. मोटारसायकल असलेला प्राध्यापक एकटाच होता. असल्या थाटाची टिंगल करण्यात स्टाफरूममध्ये माझा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे मी नकार दिला असेल असं वाचकांना वाटेल. मी फेट्याचं माप दिलं.

मग प्राचार्य गाडी पाहायला बाहेर आले. मी ती सुरू केली. त्यांनी मान कलती केली.

"ही अशीच वाजते का? लोहाराच्या दुकानासारखी?"

"जुनी आहे, सर."

"पाहुण्यांच्या पुढे ही टकटक... बघा बुवा. शोभलं पाहिजे."

मी मिस्त्रीकडे गेलो. संक्रांतीची तपासणी होऊन पंधरवडाही झाला नव्हता. त्यानं इंजिनाला कान लावला आणि हसला.

"बराबर वाजून राहिली. एवढं तं वाजनच."

"थोडं कस ना. आवाज बंद झाला पाहिजे."

"काहून? झडप गरम झाली का लांब होते, सर. तिले जागा ठेवा लागते. जागा नाई ठेवली तं ती पुरती बसत नाई, आन मंग जळते. आमच्या घरी मागाची खटखट चालू राहे तं आम्ही पोरं मस्त झोपून राहू. बंद झाली का सगळे उठून बसत, का बा आता काय तुटलं!"

"प्राचार्यांचं म्हणणं आहे."

"त्याहिले म्हणा, पाहुण्याच्या कानात कापूस घाला." मग माझा चेहरा पाहून तो गंभीर झाला. "मी नाई कसत, सर. राग नका मानू."

राग मानला. मला गाडी कळत नाही असं त्यानं म्हटलं नव्हतं, पण मला तसं ऐकू आलं. पुढच्या रविवारी दुपारी मी बाहेरून आलो, गाडी अंगणात उभी केली आणि पुस्तिका उघडी ठेवून ते झाकण काढलं. इंजिन इतकं तापलेलं होतं की बोटं फडक्यात गुंडाळावी लागली. त्याच पानावर मोठ्या अक्षरात छापलं होतं की इंजिन थंड हवं. मी ते वाचलंही. दोन्ही दांड्या आवाज संपेपर्यंत कसल्या. धागा काढताना तुटला होता. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून दुसरा घेतला, नटाखाली गुंडाळला आणि बुटाच्या नाडीला मारतो तशी गाठ मारली. जास्तीची टोकं कापलीसुद्धा. गुन्हा करताना माणूस नीटनेटका होतो.

गाडी लोण्यासारखी चालू लागली. दुरुस्त करून घेतली, असं मी प्राचार्यांना कळवलं. बायको म्हणाली, "आजकाल तुम्ही आलेलं कळतच नाही." मी तो गौरव समजलो. त्या आठवड्यात निमंत्रणं वाटत खापरखेड्यापासून भिवापूरपर्यंत भर वेगात हिंडलो. चार दिवसांत किक हलकी लागू लागली. इतकी हलकी की हातानं दाबावी. मिस्त्रीचं वाक्य आठवलं नाही असं मी म्हणू शकलो असतो. आठवलं. पण स्टाफरूममध्ये मी सांगितलं, "इंजिन मोकळं झालंय आता." दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यांना काय, सायकली होत्या.

उद्घाटनाच्या सकाळी ती विसाव्या किकला सुरू झाली. फेटा तोवर एका कानावर आला होता. पाहुण्यांच्या मोटारीपुढे निघालो. नळकांड्यातून फटाके फुटल्यासारखे बार निघू लागले. रस्त्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो मिरवणुकीचाच भाग वाटला. महाराजबागेच्या वळणावर गाडीनं एक लांब उसासा टाकला आणि बंद पडली. मागे मोटार, तिच्यामागे तीन मोटारी, त्यांच्यामागे बँड. बँडवाल्यांना काही कळलं नाही, ते वाजवतच राहिले. मी फेट्यासकट गाडी ढकलत कडेला नेली आणि सगळा लवाजमा माझ्याकडे बघत पुढे गेला.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. ते रागावले नव्हते. ते दुखावले होते, आणि ते जास्त वाईट.

"परवाच दुरुस्त केली होती म्हणालात ना? कोणाकडून?"

मी मिस्त्रीचं नाव सांगितलं.

"म्हणजे तोच का, ज्याच्यासाठी तुम्ही शब्द टाकला होता?"

"हो. तोच."

दोनच शब्द, आणि दोन्ही खरे. त्या शब्दांना आणखी एक वाक्य जोडायचं होतं: चूक त्याची नाही, पाना मी लावला. मी दिवसाला चार तास उभा राहून बोलणारा माणूस. ते वाक्य जमलं नाही. मी फेट्यात कसा दिसत होतो हे प्राचार्यांच्या डोळ्यांपुढे होतं; त्यात आणखी मूर्ख दिसायची माझी तयारी नव्हती. त्यांनी टेबलावरच्या कागदावर काहीतरी खोडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत सक्करदऱ्याला नेली. मिस्त्री झाकणापाशी बसला. नटाला हात घातला आणि थांबला. धाग्यावरून त्याचा अंगठा गेला, परत आला. माझ्या गाठीवर तो अंगठा अडकत होता. मला उभ्या जागेवरून ते दिसत होतं.

"सर, मधात कोणी खोललं होतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. धागा कापला नाही. नखानं सावकाश गाठ सोडवली, आणि ते सूत शर्टाच्या खिशात ठेवलं. मग इंजिनाचं हेड उतरवलं. धुराच्या बाजूची झडप कडेनं खाल्ली गेली होती, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी.

"जळला एक्झॉस्ट," तो म्हणाला. "टाइट राहिला असन. माह्याच हातून."

बायको चहा घेऊन आली होती. त्यानं ते तिच्या देखत म्हटलं. तिनं कप ठेवला आणि त्या दिवशी तिनं मला काही विचारलं नाही.

महिन्याभरात तंत्रशाळेत कागदपत्रं असलेला दुसरा माणूस आला. रस्ता रुंद झाला, टपरी मागच्या गल्लीत गेली, जिथं कोणाची गाडी सहसा वळत नाही. मी प्राचार्यांच्या नावे पत्र लिहायला घेतलं. पहिला खर्डा अगदी खरा होता, म्हणून मला ओबडधोबड वाटला. दुसऱ्यात भाषा सुधारली. चौथ्यात 'माझ्याकडून' हा शब्द गळून 'अनवधानाने' आला. सहाव्यात पत्र इतकं उत्तम झालं की त्यात चूक कोणाची होती हेच कळेनासं झालं. ते मी पाठवलं नाही. हे खर्डे बरीच वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होते.

प्राचार्य निवृत्त झाले त्या समारंभात, अर्थातच नारळ फुटल्यावर, मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कोणता मिस्त्री?" फेटा मात्र त्यांना आठवत होता. ते मोठ्यानं हसले.

मिस्त्रीकडे जाणं मी सोडलं नाही. पोळा, संक्रांत, खसच्या टट्ट्या. गल्ली शोधत जायचो. तो पूर्वीसारखाच आदरानं बोलायचा, काम चोख करायचा. फरक दोन पडले. दांड्या फिरवून झाल्या की तो उठून बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, "तुम्ही पाहून घ्या, सर, एकदा." मला खाली बसून, थंडगार इंजिनात बोटं घालून त्या दोन्ही दांड्या फिरवाव्या लागत. तो उभा राहून पाहायचा. "फिरते? हलत तं नाई न?" "नाही." "मंग लावा झाकण." झाकण मी लावायचो.

आणि नटाखाली धागा नसायचा. शेजारी उभ्या असलेल्या मोटारसायकलवर दिसायचा, दूधवाल्याच्या फटफटीवर दिसायचा. तीन वर्षं मी ते पाहत होतो. एका संक्रांतीला धीर करून विचारलं, "मिस्त्री, माझ्या गाडीला धागा नाही बांधत आता?"

तो हात पुसत होता. पुसून झाल्यावर म्हणाला, "ज्या गाडीले मी एकटाच खोलतो, तिलेच बांधतो, सर."

"त्या वेळी मीच..." मी म्हणालो.

"मालूम हाय न जी," तो म्हणाला. "तवाच मालूम होतं. तुम्हाले सांगाचं होतं तं तवा सांगाचं. आता मले सांगून काय होते?"

आतून त्याच्या बायकोनं चहा पाठवला. मी तो प्यायलो. घोटाघोटाला जीभ भाजत होती, तरी थांबलो नाही. मग किक मारली. किक जड होती, जशी असायला हवी तशी. गल्ली संपेपर्यंत ती टकटक माझ्यामागून सगळ्यांना ऐकू जात होती.