कबूल म्हणताना समोर कोण?

पनवेलला आमच्या शेजारी उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक चाची राहतात. मी हौसेनं त्यांच्याकडे अरबी शिकते. एकदा त्या म्हणाल्या, "कबूल, मुकाबला आणि नमाजाची दिशा म्हणजे किबला, तिन्ही एकाच धातूतले."

मला काही पटेना. होकार, झुंज आणि प्रार्थना यांचं एकमेकांत काम काय?

"अगं, तिन्हीत कुणाच्या तरी समोर व्हावं लागतं."

मी हट्टाला पेटले. "मग निकाहात कबूल म्हणताना चाचा समोर होते?"

चाची खळखळून हसल्या. "छे गं! ते मांडवात, पुरुषांमध्ये. मी आतल्या खोलीत, किबल्याकडे तोंड करून. कबूल मी अल्लासमोर म्हटलं. ह्यांच्याशी मुकाबला नंतर."