आजोबांनी सांभाळून ठेवलेले बूट

माझी आणि आजोबांची पहिली भेट झाली तेव्हा मी काही तासांचा होतो आणि ते मला घेऊन पळून चालले होते. आई सांगते, ते प्रसूतिगृहात आले, पाळण्यात डोकावले, "काय कोंदट हवा आहे इथे, पोर गुदमरेल," म्हणाले आणि मला टॉवेलात गुंडाळून थेट बाहेरच्या झाडाखाली घेऊन गेले. मागून नर्स धावली. नर्सच्या मागे वॉर्डबॉय, त्याच्या मागे डॉक्टर आणि डॉक्टर कुठे पळाले म्हणून त्यांच्या मागे तपासायचे राहिलेले पेशंट. ही गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यात दर वर्षी एक नर्स वाढते. झाडाखाली गेल्यावर मी रडायचा थांबलो, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे. तेव्हा आजोबांनी जाहीर केलं, "हा घरकोंबडा होणार नाही."

पुढे मी खुर्चीत बसून लिहायचा धंदा पत्करला. आजोबांनी ते फार मनाला लावून घेतलं नाही, फक्त मला 'टोणग्या' म्हणायला लागले.

आजोबा म्हणजे आईचे वडील. आजी लवकर गेल्यापासून ते आमच्याकडेच असत. नोकरी बँकेत, पण बँकेच्याही खाली, तळघरात. लॉकरची खोली सांभाळायचे. खिडकी नाही, एक ट्यूबलाइट आणि एक लोखंडी दार. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या छत्रीवरून कळायचं. आठवडाभर असं जमिनीखाली काढल्यावर रविवारी माणूस टेकडीवर जाणार नाही तर काय करेल? पहाटे त्यांच्या जाड तळव्याच्या तपकिरी बुटांचा आवाज आला की आम्ही सगळे झोपेचं सोंग घ्यायचो, कारण जो जागा सापडेल त्याची वरात टेकडीवर निघायची. माझ्या बाबांना जावई म्हणून पसंत करायलाही त्यांनी टेकडीवरच नेलं होतं. "वर पोचल्यावर मला बोलताच येईना," बाबा सांगतात, "त्यांना वाटलं मुलगा अबोल आणि सालस आहे."

वर एक सपाट खडक होता. त्यावर बसून आजोबा बुटांच्या नाड्या सोडायचे, मोजे काढायचे आणि उघडे पाय वाऱ्यात धरून गप्प बसायचे. एरवी अखंड बोलणारा माणूस तिथे एक शब्द बोलत नसे.

तळघरातली एक सवय मात्र ते घरी घेऊन आले. मौल्यवान वस्तू कुठे ठेवली आहे ते एकालाच माहीत असावं आणि त्याला कुणी विचारू नये. हा नियम आम्हा सगळ्यांच्या अंगात इतका भिनला की घरातली कात्री दर वर्षी नवीन घ्यावी लागे. जुनी कुणीतरी नीट ठेवलेली असायची.

मग आजोबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार. एकदा टेकडीवरून उतरताना रस्ताच विसरले आणि संध्याकाळी दुधाच्या टेम्पोतून घरी आले, कॅनवर बसून, अगदी खुशीत. आईचा दिवसभर जीव टांगणीला लागला होता. ती संतापाने म्हणाली, "नाना, आता मी ते बूट फेकूनच देते!"

दुसऱ्या दिवशी दारामागे बूट नव्हते. मला वाटलं, आईने लपवले. आईला वाटलं, बाबांनी. बाबांना वाटलं, मामाने. मामा म्हणजे आजोबांचा मुलगा, आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो. त्याला वाटलं, हे तिघं मिळून काहीतरी करताहेत. नियमाप्रमाणे कुणी कुणाला विचारलं नाही. खरं तर सगळ्यांना बरंच वाटलं, कारण आजोबा बुटांशिवाय उंबरा ओलांडत नसत.

असे काही महिने गेले. मग त्यांचं हृदय थकलं. डॉक्टर तपासून बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "कुठे न्यायचं असेल त्यांना, तर आत्ता न्या."

कुठे, हे विचारायची गरज नव्हती. टेकडीवर आता गाडी जाते. आई डोळे पुसून बाबांना म्हणाली, "काढा हो आता ते बूट."

"मी? मला वाटलं तुझ्या भावाने..."

"माझं नाव कशाला घेता भाऊजी?" मामा म्हणाला. "मी तर ताईलाच मनातल्या मनात शिव्या घालत होतो!"

आजोबा पलंगावरून म्हणाले, "भांडू नका. मी ठेवलेत. अगदी सुरक्षित आहेत."

"कुठे, नाना?"

"ते सांगायचं नसतं."

आई हसली, मग रागावली, मग तिने हात जोडले. आजोबा लोखंडी दारासारखे बंद. दुपारी सगळे पांगल्यावर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "टोणग्या, कुणाला सांगू नकोस. मी कुठे ठेवले असतील रे?"

त्यानंतर आम्ही घराची जी दशा केली ती चोरांनीही केली नसती. माळा उपसला. गाद्या उसवल्या. पिठाच्या डब्यात हात घातले. बाबा पलंगाखाली शिरले ते अडकलेच, मामाने पाय धरून ओढून काढले. कात्र्या सापडल्या, बाबांचा हरवलेला पासपोर्ट सापडला, मामाने लपवलेलं दहावीचं प्रगतिपुस्तक सापडलं. एरवी यावर महिनाभर हसलो असतो. आता कुणी वर मान करूनही पाहिलं नाही. आई त्याच त्याच कपाटाची दारं उघडत होती, मिटत होती. पलीकडे आजोबा मोजे घालून, पाय खाली सोडून बसलेले. "मिळाले का?" प्रत्येक वेळी तेवढ्याच आशेने.

तसेच उचलून न्यायचा प्रयत्नही केला. बाबांनी आणि मी खुर्चीसकट उचललं. दारापर्यंत नेलं तर त्यांनी चौकट घट्ट धरली आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "अनवाणी कसा जाऊ? वर पोचल्यावर काढू काय?"

आम्ही खुर्ची खाली ठेवली.

मामाने नवे बूट आणले. आजोबांनी ते उलटसुलट करून पाहिले. "कुणाचे आहेत? शोधत असेल बिचारा. परत देऊन या."

मग मामा अंगणात बसला आणि साठीचा तो माणूस नव्या कोऱ्या बुटांना दगडाने ठोकायला लागला. चिखल फासला, पुसला, पुन्हा फासला. नाड्या दाताने कुरतडल्या. बाबा शेजारी उभे राहून "टाचेला अजून, टाचेला अजून" म्हणत होते. कुणालाही हसू येत नव्हतं. दोघांनी ते बूट आजोबांपुढे ठेवले. आजोबांनी बुटांकडे पाहिलं, मामाच्या खरचटलेल्या हातांकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चांगले आहेत रे. पण माझ्या डाव्याला अंगठ्यापाशी ठिगळ आहे."

मामा तसाच चप्पल सरकवून चांभाराकडे पळाला. मीही मागोमाग गेलो.

"नव्या बुटाला ठिगळ?" चांभार म्हणाला. "साहेब, फाटलं कुठे आहे?"

"फाडा!" मामा ओरडला. "फाडा आणि लावा, पण लवकर!"

चांभाराने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता आरी उचलली. ठिगळ हुबेहूब झालं. मामा बूट छातीशी धरून धावत आला. गाडी दारात उभी होती, बाबा स्टिअरिंगवर बसले होते. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिने नुसती मान हलवली. आजोबा पलंगावर होते. मोजे पायात होते.

जुन्या बुटांचा शोध नंतर कुणी घेतला नाही. काही महिन्यांनी गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बदलायला प्लंबर आला, त्याला ते टाकीमागे सापडले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, वर वीट ठेवलेली. आम्ही सगळं घर शोधलं होतं, बाहेर कुणी पाहिलं नव्हतं.

ते आम्ही प्लंबरला दिले. त्याला बरोबर बसले.