निवासी अंगणातली वलांडी

डहाणूच्या किनाऱ्याजवळ सोनूबाईची गल्ली. पूर्वी तिथे सगळी मच्छीमारांचीच घरं. मग मोबाइलचं दुकान आलं, दातांचा दवाखाना आला, आणि सोनूबाईच्या अंगणाला लागून हेमालीचं ब्युटीपार्लर आलं. येऊ देत बापडे! सोनूबाईचं कुणाशी वाकडं नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो अंगणातल्या वलांडीत. बांबू रोवून त्यांना दोर ताणायचे आणि दोरांवर बोंबील सुकवायचे, ती वलांडी.

ती बांधली होती मोरूने. मोरू म्हणजे तिचा नवरा, काही वर्षांपूर्वी गेला. आता बोंबील टांगायची एक रीत असते. एकटा बोंबील दोरावर राहतच नाही, सटकन घसरतो. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, एक दोराच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. सोनूबाई आणि मोरूही तसेच उभे राहायचे, ती अलीकडे, तो पलीकडे. "एकमेकांवर दात धरल्याबिगर जोडी टिकत नाय बघ," असं मोरू म्हणायचा, आणि ती ओला बोंबील त्याच्या अंगावर फेकायची. मेला चावट! आता पलीकडे कुणी नसायचं. तरी हात चालू झाले की तिचं तोंडही चालू व्हायचं. आज मासळी कशी आली, गुडघा कसा दुखतो, सगळं ती पलीकडे सांगायची. कुणी ऐकलं तर ऐको.

दिवाळी झाली, ऊन खणखणीत पडू लागलं, आणि नगरपरिषदेच्या कचेरीतून नविन नावाचा पोरगा आला. नव्या आराखड्यात कुठल्या जागेत काय चालेल ते ठरलं होतं, ते घरोघरी सांगायचं त्याचं काम. स्वभावाने सालस होता.

"मावशी, ही गल्ली आता मिश्र वापराची झाली," तो म्हणाला. "मूळ निवासी, पण खाली दुकान चालेल, शिलाई चालेल, पार्लर चालेल. मासळी सुकवायचा धंदा मात्र चालणार नाही."

सोनूबाईने त्यातला एकच शब्द पकडला. "नि-वासी? म्हणजे वास नको, असंच ना? मग सरळ बोल की रे!"

नविनला हसू आवरेना. "तसं नाही हो. वास करतात ते निवासी. म्हणजे राहतात ते."

"मग आमी दुसरं काय करतो? जन्मभर वासच करतो!"

पार्लरच्या दारात हेमाली खो खो हसली. ती सोनूबाईला मासी म्हणायची, गुजरातीत मावशीला म्हणतात तसं. मासी चालायची, मासळी तिच्या घरात चालत नव्हती. पण वासाची तक्रार तिने कधी केली नव्हती. उगाच कुणावर आळ कशाला घ्या?

खाडीपलीकडे सुकवणीसाठी सामाईक जागा दिली होती. मोकळी, भरपूर उन्हाची. धंदा बुडणार नव्हता, हे सोनूबाईलाही कळत होतं.

"हेच बांबू तिकडे न्या," नविन समजुतीने म्हणाला.

"बांबू नेईन रे बाबा. पण पलीकडची जागा कशी नेऊ?"

"अहो मावशी, पलीकडचीच तर जागा देतोय!"

आता या लेकराला काय सांगायचं?

वलांडी निघाली. सोनूबाई रोज रिक्षाने खाडीपलीकडे जाऊ लागली. तिथे चार बाया, हसणं-खिदळणं, चहा. बोंबील छान सुकायचे. पण तिथे तिचं तोंड उघडेना. दोराच्या पलीकडे कुणाची तरी सून उभी असायची. संध्याकाळी घरी यावं तर अंगण धुतल्यासारखं रिकामं. मोरूची तिला इतकी आठवण यायची, इतकी यायची, की तो गेला तेव्हाही आली नव्हती. तेव्हा निदान त्याची जागा होती.

एका सुट्टीच्या दिवशी तिने अंगणात दोनच बांबू रोवले आणि मधे हातभर दोर बांधला.

काही दिवसांनी नविन पाहणीला आला तेव्हा दोरावर बोंबलांची एक जोडी लटकत होती आणि सोनूबाई समोर उभी राहून पलीकडे काहीतरी सांगत होती.

"मावशी, हे काय हो?"

"विकायचे नाय. घरच्या खाण्याला पण बंदी हाय काय?"

"नाही, घरापुरतं चालतं." बिचारा डोकं खाजवत राहिला. वर विचारतील त्याचं उत्तर त्याला हवं होतं. "घरात माणसं किती?"

सोनूबाईने दोरापलीकडे पाहिलं.

"दोघं."

नविनने उघड्या दारातून आत नजर टाकली. एक खाट, एक ताट. मग त्याने हेमालीकडे पाहिलं, तिला तर सगळं ठाऊक असणार. हेमाली पार्लरच्या पायरीवर उभी होती, हातातला कंगवा तसाच.

"दोघंच," ती म्हणाली. "रोज बोलताना ऐकते ना मी."